ज्युदोची फेक कशी घडते आणि पट्टा कशाचा मिळतो

बेळगाव तालुक्यात कलाजंग डाव कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कडोली, कंग्राळी, येळ्ळूर, सांबरा, कुठल्याही गावात तालमीच्या कट्ट्यावर बसणारं पोरगं सांगेल: हात ओढायचा, मुंडी खाली घालून आत शिरायचं, समोरच्याला खांद्यावर आडवा घ्यायचा आणि पलीकडं टाकायचा. आनंदवाडीच्या आखाड्यात हे बघतच आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या मोठ्या झाल्या. त्यामुळे इथं ज्युदो शिकवणाऱ्याचं बरंचसं काम आधीच झालेलं असतं. पोरांच्या अंगात रग असते, हाताला पकड असते, घरातले आजोबा नाहीतर मामा कधीतरी लाल मातीत उतरलेले असतात.

गैरसमजही त्याच घरातून येतो. ज्युदो म्हणजे कपडे घालून खेळायची कुस्ती असं धरून पालक पोराला मॅटवर सोडतात आणि महिन्याभरात दोन प्रश्न घेऊन येतात. पहिला, "सर, पोरगं नुसतं पडायलाच शिकालंय की वो, फेकायचं कधी?" दुसरा, "पिवळा पट्टा कधी मिळणार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि मला ते दरवेळी नीट बसून सोडवावेसे वाटतात, कारण दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे: तोल. ज्युदोत समोरच्याचा तोल आधी घालवतात आणि मग त्याला फेकतात. उभ्या, पाय रोवलेल्या माणसाला उचलायला बैलाची ताकद लागेल. तोल सुटलेल्या माणसाला सातवीतली पोरगीही पाडू शकते. पट्ट्याची सगळी चढण ही समज अंगात किती मुरली आहे, हे बघत बघत जाते.

हा खेळ ज्यानं बसवला तो माणूस स्वतः अंगानं लहान होता. जिगोरो कानो, जन्म १८६०चा. तोक्योत विद्यापीठात शिकत असताना त्यानं जुजुत्सू या जपानी झुंजकलेच्या जुन्या घराण्यांतले डाव शिकून घेतले आणि १८८२ साली एइशोजी नावाच्या देवळात मूठभर शिष्यांना घेऊन स्वतःची शाळा काढली. तीच पुढं कोदोकान म्हणून जगभर ओळखली गेली. त्याच्या तरुणपणाची एक आठवण आपल्याकडच्या पोरांना मी मुद्दाम सांगतो. फुकुदा नावाच्या गुरूंच्या वर्गात एक धिप्पाड गडी कानोला काही केल्या ऐकत नव्हता. कानोनं आधी सुमोतले डाव करून बघितले, ते चालेनात. मग त्यानं ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं धुंडाळली, त्यातून खांद्यावर घेऊन टाकायचा एक डाव उचलला, घोटवला आणि त्या गड्याला पाडला. ज्युदोत त्याला काता-गुरुमा म्हणतात. आपण त्याला कलाजंग म्हणतो.

आपल्या देशाचा आणि ज्युदोचा संबंधही वाटतो त्यापेक्षा जुना आहे. रवींद्रनाथ टागोरांनी १९०५ मध्ये जिन्नोसुके सानो यांना आणि पुढं १९२९ मध्ये शिन्झो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात शिकवायला बोलावलं होतं.

पडणं आधी का

ज्युदोत पडण्याच्या तंत्राला उकेमी म्हणतात. मागं पडणं, कडेला पडणं, समोर पडणं आणि खांद्यावरून गोलांटी घेत पडणं, असे त्याचे चार मुख्य प्रकार. हे शिकवताना मुलांना सगळ्यात आधी एक जन्मजात सवय मोडावी लागते. पडताना माणूस हात मागं टेकवतो. मनगट, कोपर आणि गळ्याजवळचं हाड मोडतं ते तिथंच. उकेमीत हात टेकवायचा नसतो, आपटायचा असतो: तळवा खाली, हात अंगापासून थोडा तिरका, आणि पाठ जमिनीला लागते त्याच क्षणी सबंध हात खांद्यापासून बोटांपर्यंत मॅटवर. धक्का एका बिंदूत न घुसता हात, पाठ, मांडी असा पसरतो. त्याच वेळी श्वास सोडायचा, कोंडायचा नाही.

आणि हनुवटी छातीला. मी मुलांना सांगतो, पडताना स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीकडं बघ. गाठ दिसत असेल तर डोकं आपोआप वर राहतं. नवख्या मुलाला मागं फेकलं आणि हनुवटी सुटली, तर डोक्याचा मागचा भाग मॅटवर आपटतो. जपानमधल्या शाळांत ज्युदो खेळताना मुलांना डोक्याच्या गंभीर इजा झाल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ओ-सोतो-गारी या मागं पाडणाऱ्या फेकीवेळच्या आहेत. म्हणून "नुसतं पडायलाच शिकालंय" ही तक्रार कानावर आली की मला उलट हायसं वाटतं. त्या पोराचा शिक्षक आपलं काम नीट करतोय.

पडण्याची निम्मी जबाबदारी फेकणाऱ्याचीही असते, हे बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. फेकणाऱ्याला तोरी आणि पडणाऱ्याला उके म्हणतात. तोरीनं उकेची एक बाही शेवटपर्यंत सोडायची नसते. फेक पूर्ण होत असताना ती बाही वर खेचून धरली की उकेचं अंग कुशीवर वळतं, पडण्याचा वेग मोडतो आणि डोकं वाचतं. वर्गात मी फेक किती जोरात झाली ते बघत नाही, बाही कुणी लवकर सोडली ते बघतो.

तोल कुठं जातो

एक प्रयोग घरी करून बघा. कुणाला तरी खांद्याइतके पाय फाकवून उभं करा आणि कडेनं दंडाला ढकला. तो हलत नाही. आता त्याच्याच छातीला समोरून बोटांनी हळूच ढकला. तो मागं पाऊल टाकतो. दोन्ही पावलांना जोडणारी एक रेघ जमिनीवर आहे असं समजा. त्या रेघेच्या दिशेत माणूस पक्का असतो, तिला काटकोनात असलेल्या दिशेत कच्चा. अंगाचा भार बेंबीच्या जरा खाली एकवटलेला असतो आणि तो भार पावलांच्या चौकटीतून बाहेर सरकला की दोनच वाटा उरतात: पाऊल टाकून चौकट बदलायची, नाहीतर पडायचं. ज्युदोतली प्रत्येक फेक म्हणजे भार बाहेर काढायचा आणि पाऊल टाकू द्यायचं नाही.

तोल घालवण्याला कुझुशी म्हणतात. समोर, मागं, दोन बाजू आणि चार कोपरे, अशा आठ दिशा शिकवतात. त्यानंतर स्वतःचं अंग फेकीच्या जागी नेऊन बसवायचं, ती त्सुकुरी. आणि शेवटी प्रत्यक्ष फेकणं, ते काके. तीन नावं आहेत, पण चांगल्या खेळाडूकडं बघताना ती तीन पावलं वेगळी दिसतच नाहीत. कडेला बसलेल्या पालकांना फक्त काके दिसतं, तेवढ्यावर टाळ्या पडतात. शिकणाऱ्याचा घाम मात्र सगळा पहिल्या दोनांत जातो.

ओढायचं कसं, हेही सांगतो. एक हात समोरच्याच्या बाहीला कोपराजवळ, दुसरा गळपट्टीला. बाहीचा हात नुसता खाली ओढला तर समोरचा वाकतो आणि आणखी घट्ट उभा राहतो. तोच हात मनगट बाहेर वळवून, करंगळी वर जाईल असा आडवा-वर ओढला, की त्याच्या टाचा उचलल्या जातात आणि भार चवड्यांवर येतो. टाचा उचलल्या गेल्या की नाही, हे मी जमिनीलगत वाकून बघतो. ओढल्यावर टाचा जागेवरच असतील तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नसतो.

हे डोळ्यांपेक्षा हातांना आधी कळतं. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमार यांनी भारताला ज्युदोतलं पहिलं पॅरालिम्पिक पदक, कांस्य, मिळवून दिलं. दृष्टिबाधितांच्या ज्युदोत लढत दोघांनी एकमेकांची पकड घेऊनच सुरू होते. समोरच्याचा भार कुठल्या पायावर गेला, तो श्वास कधी घेतो, ओढणार आहे की ढकलणार, हे सगळं बाहीतून आणि गळपट्टीतून हाताला कळत असतं. डोळस मुलांनाही मी कधीकधी डोळे मिटून सराव करायला लावतो. सुरुवातीला घाबरतात, मग त्यांची पकड मऊ होते आणि डाव सुधारतो.

तीन फेकी, जवळून

कोदोकाननं मान्य केलेल्या फेकी ६८ आहेत: हाताच्या १६, कमरेच्या १०, पायाच्या २१ आणि स्वतः जमिनीवर पडत पडत मारायच्या २१. एवढ्या सगळ्या कुणालाच सामन्यात लागत नाहीत. मोठमोठे खेळाडू दोन-तीन फेकींवर अख्खी कारकीर्द काढतात. कानोच्या शाळेनं १८९५ साली शिकण्याचा क्रम लावला आणि १९२० साली तो सुधारून ४० फेकी पाच गटांत, प्रत्येकी आठ अशा बसवल्या. आजही बहुतेक वर्गांत शिकवणं त्याच्याच आसपास चालतं.

ओ-गोशी ही कमरेची फेक बहुतेकांना आधी शिकवतात. समोरच्याला आपल्याकडं ओढत त्याच्या पावलांच्या आत आपली पावलं न्यायची, वळायचं, एक हात त्याच्या कमरेमागून घालायचा. आता खरी गोष्ट. आपला पट्टा त्याच्या पट्ट्याच्या खाली गेला पाहिजे, आणि तो गुडघे वाकवून गेला पाहिजे. मुलं इथं कमरेतून पुढं वाकतात. तसं केलं की समोरच्याचा सगळा भार आपल्या पाठीच्या कण्यावर येतो आणि फेक तिथंच अडकते. पाठ सरळ, गुडघे वाकलेले, ढुंगण त्याच्या मांड्यांना टेकलेलं, आणि मग फक्त गुडघे सरळ करायचे. पाय त्याला उचलतात, हात वळवतात. म्हणूनच बुटक्या पोरांना ही फेक लवकर साधते, आणि उंच पोरांनी खाली बसायचा कंटाळा केला की त्यांना ती कधीच साधत नाही.

दे-आशी-बाराई ही पुढं येणाऱ्या पावलाची झाडणी. हिच्यात ताकद जवळजवळ नसते, सगळा खेळ वेळेचा. समोरच्याचं पाऊल हवेत असताना झाडलं तर तो नुसतं पाऊल मागं घेतो. ते जमिनीत रुतल्यावर झाडलं तर आपलाच पाय दुखावतो. मधला एक बारीक क्षण असतो: पाऊल टेकतंय, भार त्यावर यायला लागलाय, पण पूर्ण आलेला नाही. पावसाळ्यात ओल्या शहाबादी फरशीवर माणूस नेमका त्याच क्षणी घसरतो, पाऊल टेकवतानाच्या. झाडताना पायाचा तळवा वापरायचा, घोटा किंवा नडगी नाही. हात त्याच वेळी खाली खेचतात. जमली की समोरचा काय झालं हे न कळताच पडतो, आणि पडलेला पोरगाच सगळ्यांत जोरात हसतो.

ओ-सोतो-गारी दिसायला सोपी, म्हणून पोरं तिच्यावर तुटून पडतात. समोरच्याच्या कडेला एक पाऊल टाकायचं, त्याचा भार मागच्या कोपऱ्यावर, एका टाचेवर न्यायचा आणि त्याच पायाला मागून आपला पाय लावून कापत न्यायचं. भार त्या टाचेवर गेला नसेल तर आपणच तिरके उभे असतो आणि तो उलटा आपल्याला त्याच डावात घेतो. वर सांगितलेल्या डोक्याच्या धोक्यामुळे, ज्याची मागं पडण्याची उकेमी पक्की नाही त्याच्यावर ही फेक जोरात मारू देत नाही. यावर माझ्याकडं सूट नाही.

सराव तीन पायऱ्यांनी चालतो. उची-कोमी म्हणजे फेकीच्या जागेपर्यंत जाऊन परत येणं, न फेकता, पुन्हा पुन्हा. नागे-कोमी म्हणजे दरवेळी फेकणं. रांदोरी म्हणजे मोकळा सराव, दोघंही एकमेकांना फेकायला बघतात. आपल्याकडच्या पोरांना रांदोरी लगेच हवी असते आणि उची-कोमीचा कंटाळा येतो. जोर-बैठकांचा कंटाळा न करणाऱ्या घरातली मुलं इथं लवकर रुळतात, हे मी बघत आलोय.

आखाड्यातून येताना सोडायच्या सवयी

कुस्तीत पाठ लागू नये म्हणून पैलवान मानेवर पूल करतो. मान आणि टाचांवर कमान, खांदे जमिनीपासून वर. ज्युदोत हे चालत नाही. फेकल्यावर कुणी पूल करून उतरला, तर ते पूर्ण पाठीवर पडणं धरून समोरच्याला इप्पोन, म्हणजे पूर्ण विजय, दिला जातो. नियम असा कडक आहे कारण फेकीच्या वेगात मानेवर उतरणं म्हणजे मणक्याशी खेळ. कुस्तीतून आलेल्या मुलाला ही सवय सोडायला महिने लागतात, आणि ती सुटेपर्यंत मी त्याला सामन्याला पाठवत नाही.

दुसरी सवय पटाची. एकेरी पट, दुहेरी पट हे आपल्याकडचे हुकमी डाव. आंतरराष्ट्रीय ज्युदोत पायांना हातानं धरून हल्ला करण्यावर २०१०पासून निर्बंध आले आणि २०१३पासून उभ्यानं पाय धरायची पूर्ण बंदी झाली. म्हणून काता-गुरुमाही आता पायाला हात न लावता, बाही आणि अंगाच्या वळणावर मारतात. कलाजंग येणाऱ्या मुलाला हा फरक सुरुवातीलाच सांगितला नाही, तर सामन्यात शिक्षा खाऊन परत येतो आणि खेळावरच रुसतो.

निकालही वेगळा. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की चितपट. ज्युदोत पडला कसा ते बघतात: जोर, वेग, ताबा आणि पाठीवर पडणं, हे चारही असेल तर इप्पोन, सामना तिथंच संपला. थोडं कमी असेल तर वाझा-आरी, अशा दोन झाल्या की इप्पोन. त्याहून कमी असेल तर युको; हा गुण २०१७मध्ये काढला होता, २०२५मध्ये परत आणला. पाठीवर दाबून २० सेकंद धरून ठेवलं तरी इप्पोन. मोठ्यांची लढत चार मिनिटांची. कानी-बासामी, म्हणजे दोन्ही पायांची कात्री घालून पाडणं, स्पर्धेत बंद आहे. १९८०मध्ये जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत यासुहिरो यामाशिता या नावाजलेल्या ज्युदोपटूचा पाय त्याच डावानं मोडला होता.

एक गोष्ट मात्र इथल्या वर्गाची म्हणून सांगावीशी वाटते. आमच्या मॅटवर मराठी पोरं असतात, कन्नड पोरं असतात, कॅम्पातली हिंदी बोलणारीही असतात. आज्ञा सगळ्या जपानीत: हाजिमे म्हटलं की सुरू, माते म्हटलं की थांबा. कुणालाच ती भाषा घरून येत नाही, म्हणून सगळे एकाच रेघेवरून सुरू करतात. आणि मुली त्याच मॅटवर, त्याच वेळेला असतात. आखाड्यात ज्यांना आजवर बाहेर उभं राहून बघावं लागलं त्या घरांतल्या मुली इथं पट्टा बांधून उभ्या राहतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

पट्टा

काळ्या पट्ट्याबद्दल एक दंतकथा फिरते की पांढरा पट्टा न धुता वर्षानुवर्षं वापरून काळा होतो. तसं काही नाही. १८८३मध्ये कानोनं त्सुनेजिरो तोमिता आणि शिरो साइगो या दोन शिष्यांना पहिला दान, म्हणजे शोदान दर्जा दिला आणि १८८०च्या दशकातच दान मिळवलेल्यांनी काळा पट्टा बांधायची रीत सुरू झाली. मधले रंग जपानचे नाहीतच. १९२०-३०च्या दशकांत लंडन आणि पॅरिसच्या क्लबांत नवशिक्यांना पुढचा टप्पा दिसावा म्हणून ते आले. पॅरिसमध्ये ती पद्धत रुजवणारे कावाइशी हे जपानी शिक्षकच होते.

आपल्याकडं क्रम असा चालतो: पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी आणि मग काळा. काळ्याच्या आधीच्या दर्जांना क्यू म्हणतात आणि ते उलटे मोजतात, तपकिरी म्हणजे पहिला क्यू. काळ्यापासून दान सुरू होतात आणि ते सुलटे. पहिल्या ते पाचव्या दानापर्यंत पट्टा काळाच, सहाव्या ते आठव्याला लाल-पांढरे ठिगळ असलेला, नवव्या-दहाव्याला लाल. दहावा दान कोदोकाननं आजवर फक्त १५ जणांना दिला आहे. त्यात एकही स्त्री नाही. केइको फुकुदा, कानोच्या त्या गुरू फुकुदांची नात, १९५३मध्ये पाचव्या दानावर पोचल्या आणि तिथंच अडवून ठेवल्या गेल्या, कारण त्याच्या वरचा दर्जा स्त्रियांना देतच नव्हते. सहावा दान मिळायला १९७२ उजाडलं. अमेरिकेतल्या संघटनेनं त्यांना दहावा दान दिला तो २०११मध्ये, वयाच्या ९८व्या वर्षी. मुली विचारतात तेव्हा मी ही हकीकत सगळी सांगतो, अन्यायासकट.

परीक्षेत काय बघतात? पिवळ्यासाठी मुख्यतः उकेमी, पट्टा नीट बांधणं, मॅटवर वावरायची शिस्त, दोन-चार फेकी आणि एखादं दाबून धरणं. पुढं फेकींची संख्या वाढते, मग दोन्ही बाजूंनी मारता येते का, एक फेक फसली तर त्यातून दुसरी काढता येते का, समोरच्याची फेक उलटवता येते का, हे बघतात. गळा आवळायचे आणि कोपर वळवायचे डाव मोठ्या वयासाठी राखून ठेवतात, लहानांना ते शिकवतच नाहीत. किती महिन्यांनी कुठला पट्टा, याचं उत्तर पोरानुसार बदलतं. मागं सुट्टीतल्या एका शिबिरात पंधरवड्याअखेर सगळ्यांना सरसकट पिवळे पट्टे वाटलेले मी बघितलेत. त्यातली मुलं नंतर आमच्याकडं आली तेव्हा मागं पडताना हात टेकवत होती. पट्टा काढून घेता येत नाही, पण अशा मुलाला मी पहिल्या दिवसापासून पांढऱ्यांच्या रांगेत उभं करतो, आणि पालकांना त्याचं कारण बाजूला घेऊन सांगतो.

पट्टा आणि सामना यांचा संबंध लोकांना वाटतो तेवढा नाही. स्पर्धेत गट पडतात ते वयाचे आणि वजनाचे. हिरव्या पट्ट्याची मुलगी तपकिरीला हरवते, हे नेहमी होतं. पट्टा सांगतो की शिक्षकांनी या मुलाकडून काय काय सुरक्षितपणे करताना बघितलंय. रांदोरीत जोडी लावताना मला तेवढंच कळायला हवं असतं.

शोदानसाठी कोदोकानच्या नियमानं वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. परीक्षेत नागे-नो-काता या ठरावीक मांडणीचे पहिले तीन गट करून दाखवावे लागतात: हात, कंबर, पाय, प्रत्येकात तीन फेकी, प्रत्येक फेक उजवीकडून आणि डावीकडून. म्हणजे जोडीदाराला अठरा वेळा फेकून घ्यावं लागतं, आणि तो चांगला पडला नाही तर फेकणाऱ्याचं प्रात्यक्षिकही बिघडतं. दुसऱ्या दानाला पाचही गट, तिसऱ्याला जमिनीवरच्या डावांची वेगळी मांडणी.

नाव घालण्याआधी

ज्युदोगी, म्हणजे जाकीट आणि पायजमा, घेताना एक-दोन बोटं मोठाच घ्या, सुती असल्यामुळे पहिल्या धुण्यांतच आखडतो. वडगावात मागावर साड्या विणणाऱ्या एका पालकांनी नव्या जाकिटाची बाही दोन बोटांत धरून उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "बाणा जाड घातलाय की वो ह्यात." बरोबर ओळखलं त्यांनी, ओढून फाटू नये म्हणूनच तो तसा विणतात, आणि म्हणूनच तो वाळायला वेळ लागतो. जुलै-ऑगस्टात आपल्याकडं चार-चार दिवस ऊन पडत नाही. दमट ज्युदोगी तसाच पिशवीत कोंबून आणला की नायटा होतो आणि एकाचा अख्ख्या वर्गाला लागतो. जमलं तर दोन घ्या, नाहीतर रात्री पंख्याखाली पसरून ठेवा. पट्टाही धुवा. हातापायाची नखं कापलेली हवीत, आणि अंगावर नायट्याचा चट्टा दिसला तर तो बरा होईपर्यंत मूल घरी.

वर्ग बघायला जा तेव्हा पहिला अर्धा तास बसून बघा. मॅटच्या जोडांत फट आहे का, भिंत आणि खांब किती जवळ आहेत, नवख्यांना उकेमी किती वेळ करायला लावतात, वजनात फार फरक असलेल्या जोड्या लावतात का. बेळगावात क्रीडा खात्याच्या केंद्रात ज्युदो शिकवला जातो. खासगी वर्ग असेल तर तो जिल्हा आणि राज्य संघटनेशी जोडलेला आहे का, पट्ट्याचं प्रमाणपत्र कुणाच्या सहीनं येतं, आणि शिकवणाऱ्याचा स्वतःचा दान कुणी दिलेला आहे, हे तीन प्रश्न सरळ विचारा. खानापूर किंवा निपाणीचं मूल कर्नाटकाकडून खेळेल, पलीकडच्या चंदगडचं महाराष्ट्राकडून, त्यामुळे वर्ग निवडताना मुलाची शाळा कुठल्या राज्यात आहे तेही लक्षात घ्या, नाहीतर निवड चाचणीच्या आदल्या दिवशी धावपळ होते. आणि दान दर्जा घ्यायची वेळ येईल तेव्हा तो राष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेचाच असू द्या.